आमची वाटचाल : 40 पायऱ्यांना वळसा घालून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याचं एक शेड, दोन वेल्डर आणि मी, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. खिडक्यांच्या जाळ्या, शटर, जिन्याचे कठडे, मधेच एखाद्या कारखान्याचं मागाच्या दुरुस्तीचं काम. आज आम्ही अकरा जण आहोत आणि बागा, तळ्याकाठच्या बसायच्या जागा सगळ्यांना वापरता येतील अशा आखून, बांधून देतो. हे वळण माझ्या थोरल्या बहिणीमुळे आलं. आम्ही तिला अक्का म्हणतो.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या, लावून तिने कित्येक वर्षं घरी टॉवेलांना शिलाई मारली. पुढे खांदे दुखायला लागले, कुबड्या सुटल्या आणि व्हीलचेअर आली. एका जानेवारीत तिला सिद्धेश्वराच्या जत्रेला, आमच्या गड्ड्याच्या यात्रेला नेलं. धुळीतून, गर्दीतून खुर्ची ढकलताना आमचा जीव मेटाकुटीला आला, पण ती खूश होती. घरी आल्यावर म्हणाली, "जत्रा वर्षातनं एकदा. रोज संध्याकाळी मी कुठं जायचं रे?" मला उत्तर देता आलं नाही. बँकेला रॅम्प असतो, दवाखान्याला असतो. पण संध्याकाळी वारं खायला, चार बायकांत बसायला तिलाही जायचं असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

पहिला रॅम्प एका मंगल कार्यालयासाठी केला. उंची 75 सेंटिमीटर. 1:12 चा नियम, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर चालायचं, धरला तर 9 मीटर लांबी लागते. जागा होती 6 मीटर. मालक म्हणाले, इतक्यात बसवा, आणि मी बसवला. अक्काला तपासायला नेलं. निम्म्यावर तिचे हात थांबले आणि खुर्ची मागे यायला लागली. मी पाठीशी होतो म्हणून धरली. दुसऱ्या दिवशी पदरच्या खर्चाने तो रॅम्प फोडला आणि काटकोनात वळवून नव्याने बांधला. तेव्हापासून अक्का स्वतः चढून गेल्याशिवाय आम्ही कुठल्याच कामाचं बिल करत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आम्हाला बळ दिलं. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, ते 21 झाले, आणि सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, नियम पाळल्याशिवाय बांधकामाच्या नकाशाला मंजुरी देता येत नाही हे कायद्यातच आलं. त्याआधी आम्ही लोकांना गळ घालायचो. नंतर लोक स्वतःहून विचारायला आले.

मग शहराच्या हद्दवाढ भागातल्या एका बागेचं काम आलं. सोलापूर तसं सपाट, पण ही जागा मुरमाच्या टेकाडावर आहे. खाली काळी माती, वर कडुनिंबाची जुनी झाडं, आणि माथ्यावर बसलं की संध्याकाळचं वारं थेट अंगावर येतं. लेव्हलची नळी लावून मोजलं तर 6 मीटर चढ भरला. मूळ नकाशात समोरून 40 पायऱ्या होत्या आणि दिव्यांगांसाठी मागच्या बाजूने, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून रॅम्प. नियमात बसत होतं. मला ते पटलं नाही. घरच्यांसोबत आलेल्या माणसाने दारातच त्यांच्यापासून वेगळं व्हायचं आणि माथ्यावर पुन्हा भेटायचं, हा कसला विरंगुळा?

आम्ही टेकाडाला वळसा घालणारी एकच वाट आखली, 1:20 च्या चढाची. 6 मीटरला 120 मीटर वाट, शिवाय सपाट टप्पे वेगळे. 1:12 ने 72 मीटरमध्ये भागलं असतं, पण तो चढ दोन-चार फूट उंचीच्या ओट्याला ठीक. टेकाड चढेपर्यंत त्याने हात भरून येतात. रुंदी 1.8 मीटर ठेवली, दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जातील. झाडं एकही तोडली नाहीत. जिथे वाटेत झाड आलं तिथेच सपाट टप्पा धरला, म्हणजे दम खायला आपोआप सावली मिळाली. आता पायऱ्या आहेत, पण आजोबा, बाबागाडीवाल्या आया, गुडघे दुखणाऱ्या मावश्या, सगळे त्या वाटेनेच वर जातात.

पायथ्याशी काळ्या मातीने आम्हाला रडवलं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचा कोबा तडकतो. पहिल्या पावसाळ्यात 10 मीटरचा तुकडा गेला. माती खोल काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून दाबला, तेव्हा वाट बसली. पेव्हर ब्लॉक आम्ही मुद्दाम टाळले. खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यांच्या सांध्यांत अडखळतात, आणि पाठीचं दुखणं असलेल्याला प्रत्येक सांधा कळतो.

कठडा मात्र मी लोखंडाचाच केला होता, हयात त्यातच गेली म्हणून. एप्रिलमध्ये दुपारी चारला अक्काने त्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पारा चाळिशीच्या पुढे, पाइप तव्यासारखा तापलेला. आमचा जुना मिस्त्री म्हणाला, "साहेब, खोऱ्याचा दांडा कधी भाजतो का?" मग खांब लोखंडाचे ठेवून हाताला लागणारा दांडा बाभळीच्या लाकडाचा केला, रंधून, घासून, तेल पाजून. दोन उंचींवर, एक मोठ्यांसाठी, एक खुर्चीतल्या माणसासाठी आणि लहान मुलांसाठी. दर वर्षी तेल द्यावं लागतं, ते आम्ही फुकट देतो.

फाटकाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बागांना वळणाचं अरुंद फाटक लावतात, आणि त्यात व्हीलचेअरच अडकते. खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकलही जाते. आम्ही 90 सेंटिमीटरची सरळ वाट ठेवली आणि ती रखवालदाराच्या खोलीसमोर आणली. तो हजर असला की ठीक चालतं.

या कामाचं बिल जवळजवळ वर्षभर अडकलं. पगारासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तिने एका शब्दानेही विचारलं नाही, उलट बाकांची उंची तिनेच ठरवली : 45 सेंटिमीटर, पाठ टेकायला आधार आणि उठताना रेटा द्यायला हात. प्रत्येक बाकाशेजारी एका खुर्चीपुरती जागा मोकळी आहे, बाकाच्या रांगेतच. समोर खुर्ची लावली की माणूस पाहुण्यासारखा वाटतो.

त्या जागेत अक्का पहिल्यांदा बसली, तेव्हा शेजारी तिची विडी कारखान्यातली मैत्रीण होती. दोघी अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या. मी न्यायला गेलो तर अक्का म्हणाली, "वाट झकास झाली रे. पण पाण्याचा नळ केवढा उंच बसवलाय, माझा हात पोचत नाही." सोमवारी प्लंबरला घेऊन गेलो.