शिरोडकरच्या दोन वह्या

तृतीय वर्षाला मी 'कुमारसाहित्य' हा पेपर शिकवते. कोल्हापूरचं कॉलेज, वर्गात निम्मी मुलं चंदगड, गडहिंग्लज, निपाणीकडची. लेखी परीक्षेआधी प्रत्येकाने आपला प्रकल्प वर्गासमोर मांडायचा असतो, आणि खरं सांगायचं तर वर्षभरातले माझे आवडते दिवस हेच. गुणदानाच्या तक्त्यात 'संदर्भसूची' आणि 'शीर्षकपान' यांना गुण आहेत, धिटाईला नाहीत. ते असो.

भा. रा. भागवतांच्या शाळकरी 'फास्टर फेणे'वर तिघांनी काम केलं. एकाने फेणेच्या हातात मोबाईल दिला आणि लोकेशन पाठवताच दुसऱ्या पानावर चोर सापडला. वर्ग खूप हसला. 2017 च्या सिनेमात फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो, म्हणजे त्याचं वय वाढवावंच लागलं, हा त्याचा मुद्दा मात्र पटला. निपाणीच्या मुलीने प्रकाश नारायण संतांच्या गोष्टींमधला लंपन आपल्या बेळगावच्या आजीकडून वाचून घेतला आणि फोनवर रेकॉर्ड केला. आजी मध्येच गोष्ट सोडून स्वतःच्या शाळेचं सांगत सुटते. तो भाग कापला नाही म्हणून मी तिला एक गुण जास्त दिला.

पण सगळ्यात गाजल्या त्या दोन वह्या. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीतली शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त जोशीच्या डोळ्यांनी, निवेदक तोच. एका मुलाने आणि एका मुलीने, एकमेकांना न सांगता, शिरोडकरची डायरी लिहून आणली.

मुलाची वही सुबक होती. त्याची शिरोडकर रोज जोशीचा विचार करते. तो कुठल्या बाकावर बसला, त्याने वळून पाहिलं का, क्लासला येताना कुठल्या रस्त्याने आला. भाषा चांगली, दोन-तीन वाक्यं तर हेवा वाटावा अशी.

मुलीने आधी घरी चौकशी केली होती. तिची आजी आणीबाणीच्या वर्षी, म्हणजे 'शाळा' घडते त्याच काळात, शिरोडकरसारखीच नववीत होती. त्यामुळे वहीत रिबिनी आल्या, रोज रात्री धुवून दोरीवर वाळत घालायच्या. उशीर झाला की 'कुठं होतीस?' हा प्रश्न आईच्या आधी शेजारच्या काकू विचारणार, ते आलं. भूमितीची धास्ती आली. मागून चालत येणारी पोरं आली, आणि त्यांच्यातला कोण बरा, कोण वाह्यात, हे चपलांच्या आवाजावरून ओळखणं आलं. जोशी अधूनमधून येतो. एका पानावर तर त्याच्याबद्दल एवढंच आहे: 'आज जोशी दिसला. सर्दी झालीय वाटतं.'

मुलगा अस्वस्थ झाला. म्हणाला, "म्हणजे तिला तो आवडतच नव्हता?"

मुलगी म्हणाली, "आवडत होता की. पण दिवसभर तेवढंच काम होतं काय तिला?"

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आपल्या यादीत सगळे पोरगेच आहेत." गोट्या, फेणे, लंपन, जोशी. मी मोजत बसले नाही, आहेतच. गोट्या लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांनी एका मुलीची 'चिंगी'ही लिहिली होती, पण दूरदर्शनवर मालिका आली ती गोट्याची, आणि आज वर्गात ठाऊक होता तोही गोट्याच. मुलींनी लहानपणी वाचलं काय, तर पोरांच्या खोड्या. पोरांना उलट मुलींचं कधी वाचावंच लागलं नाही. मला हे 'शाळा'चं न्यून वाटत नाही. एका पोराच्या डोळ्यांतूनच ती कादंबरी उभी राहते. न्यून आहे ते तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेचं.

पुढच्या वर्षीच्या यादीत 'चिंगी' घालायची असं तिथेच ठरलं. आता प्रती शोधायच्या आहेत. ग्रंथपाल म्हणाले, कपाट क्रमांक चारमध्ये बघा, पण किल्ली शिपाईमामांकडे आहे.

त्या मुलाने वही परत मागितली आहे. मुदत संपली होती, तरी दिली. गुण सोमवारी भरायचे आहेत, आणि सोबत तो दुसरीचीही वही वाचायला घेऊन गेलाय.