प्रिंटरच्या जामीनदाराची मुदत

१ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसमधून सकाळीच फोन आला. "झेरॉक्स निघतीय, प्रिंट निघतीय, स्कॅन तेवढं मेलला जाईना. लगेच या." जुलैच्या महापुरात ज्यांच्या दुकानांत पाणी शिरलं, त्यांचे विम्याचे कागद तिथूनच जात होते. पोचलो तर बाकावर माणसं फायली घेऊन बसलेली. एकाच्या बिलांवर गाळाचे डाग तसेच होते.

मशीनच्या स्क्रीनवर सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन एरर, म्हणजे मेल सर्व्हरचं ओळखपत्र प्रिंटरला पटत नव्हतं. त्याच खात्यावरून कॉम्प्युटरचे मेल जात होते, म्हणजे पासवर्ड बरोबर, नेटही बरोबर. प्रिंटरचं घड्याळ पाहिलं, कारण तारीख मागे गेली की असंच होतं. तेही बरोबर होतं.

"तो तपासणीचा पर्याय बंद करा की, जाईल लगेच," ऑफिसमधला मुलगा म्हणाला. गेलंही असतं. पण मग समोरचा मेल सर्व्हर खरा की खोटा हे प्रिंटर बघणारच नाही. मधे कुणी तोतया बसला तर मेलचा पासवर्ड आणि लोकांचे आधार, बँक पासबुक सगळं त्याच्या हातात. पुरानं आधीच नाडलेली माणसं ती. मी साफ नाही म्हटलं.

लॅपटॉपवरून मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट उघडलं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, मुदतीतलं. पण त्याच्यामागे जामीनदार म्हणून उभं असलेलं जुनं रूट सर्टिफिकेट, डीएसटी रूट सीए एक्स३, आदल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजल्यावर संपलं होतं. नवा जामीनदार आयएसआरजी रूट एक्स१, मुदत जून २०३५ पर्यंत. कॉम्प्युटरला अपडेटमधून तो केव्हाच मिळाला होता. प्रिंटरच्या भरवशाच्या रूटांच्या यादीत तो नव्हताच, कारण बसवल्यापासून त्याच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमला, कुणी हात लावला नव्हता.

ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकून ॲडमिन पानावर गेलो आणि नवं रूट चढवलं. स्कॅन टाकलं. परत तोच एरर! इथं खरी मेख होती. सर्व्हर सर्टिफिकेटांची जी साखळी पाठवत होता तिचं टोक अजून जुन्या रूटलाच जोडलेलं होतं, आणि सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर चालणारी यंत्रं ते जुनं रूट हाताशी असेतो त्याच वाटेनं जातात. नवं शेजारी असलं तरी त्याकडे बघत नाहीत. यादीतून जुनं काढून टाकलं, मशीन बंद करून चालू केलं.

डाग पडलेलीच बिलं आधी लावली. "गेलं, गेलं!" मुलगा ओरडला.

तोवर कुपवाड एमआयडीसीतून तसाच फोन. तिथल्या मशीनला रूट चढवायची सोयच नव्हती. मग स्कॅन कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायला लावलं आणि मेल तिथून. एक पायरी वाढली, पण तपासणी बंद केली नाही.