आसनगावहून आलेली वही

गेली चौदा वर्षं मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये काम करते. निधीसाठी अर्ज मागवणारा कुठला कॉल निघाला, शेवटची तारीख कधी, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक केव्हा, कोणाचं यूसी, म्हणजे निधी खर्च केल्याचा दाखला, अडकलंय, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. संशोधन डॉक्टर करतात, कागद मी सांभाळते. हे काम दुय्यम आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण चांगला प्रश्न निव्वळ कागदावाचून मेलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे एक दिवसाची कार्यशाळा होती. प्रस्ताव कसा लिहायचा, निधी कुठून मिळतो, दुसऱ्या संस्थेबरोबर करार कसा करायचा, असे विषय. नावं दिलेले बहुतेक पीजीचे विद्यार्थी आणि लेक्चरर. यादीत एका नावापुढे मात्र 'स्टाफ नर्स' आणि पत्ता शहापूर तालुक्यातला. फॉर्म चुकून भरला गेला असेल म्हणून मी आदल्या दिवशी फोन केला. "चुकून नाही मॅडम, मीच येतेय. रजा टाकलीय," पलीकडून उत्तर आलं.

सकाळी मी हॉल उघडायला गेले तर त्या पायरीवर बसलेल्या. आसनगावहून पहाटेची लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने नेरुळ. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात खाकी कव्हर घातलेल्या दोन फुलस्केप वह्या. पन्नाशीच्या आसपासच्या असाव्यात. मी चहा दिला तर आधी विचारलं, "हा नोंदणीच्या पैशात आहे ना?"

सकाळची सत्रं नेहमीसारखी झाली. एका सरांनी सर्पदंशाचंच उदाहरण घेतलं होतं, हा निव्वळ योगायोग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. २०१९ मध्ये लंडनच्या वेलकम ट्रस्टने त्यासाठी आठ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं साप चावून गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. "म्हणजे विषय चलतीत आहे, पैसा आहे," सर म्हणाले. "माहिती मात्र नाही. माणूस चावल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत कुठे कुठे थांबतो, हे कोणाकडे लिहिलेलं नाही."

शेवटच्या रांगेतून हात वर आला. "सर, माझ्याकडे आहे."

मागे वळून सगळ्यांनी पाहिलं. सरांनी वही मागवून घेतली, दोन पानं उलटली आणि पुढची स्लाइड लावायचीच विसरले.

ती वही मी नंतर जेवणाच्या सुट्टीत नीट पाहिली. पट्टीने आखलेले रकाने. गाव. चावल्याची वेळ. घरातून निघाल्याची वेळ. आधी कुठे नेलं, त्याखाली 'भगत', 'खाजगी', 'थेट'. वाहन कोणतं. दवाखान्यात पोचल्याची वेळ. काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलेलं रक्त गोठलं की नाही. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती बाटल्या. पुढे कुठे पाठवलं. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद आणि वेगळ्या शाईत: 'नंतर'. दवाखान्याच्या रजिस्टरात रुग्ण ठाण्याला पाठवला की त्याची गोष्ट संपते. सिस्टर मात्र आठ-पंधरा दिवसांनी घरी फोन करायच्या, नाहीतर त्या गावच्या आशाताईला विचारायच्या, आणि मग तो रकाना भरायच्या. आठ वर्षं.

एक नोंद मी त्यांच्या परवानगीने इथे देते, नाव-गाव सोडून.

'पहाटे ४.२० ला आणले. पोटात दुखते म्हणतो. उलटी १. दाताची खूण दिसत नाही. खाली झोपला होता. पापण्या जड. आईने सांगितले, गोधडी झटकली तेव्हा काळा साप, पांढरे पट्टे. एएसव्ही १०. ठाण्याला पाठवले, अँब्युलन्स ५.१५, सोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी).' आणि वेगळ्या शाईत: 'चालत घरी आला.'

ही खूण मण्यारची. मण्यार रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सूज येत नाही, वेदना फारशी नाही, खूण सापडेलच असं नाही. माणूस पोटदुखी घेऊन उठतो. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

"वही का सुरू केलीत?" मी विचारलं.

त्यांनी पोळीचा घास तसाच ताटात ठेवला. "एक पोरगा आला होता असाच, पहाटे, पोट दुखतंय म्हणून. नऊ वर्षांचा. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सहा वाजता गेला. ड्युटी माझी होती."

यावर मी काही बोलले नाही. आमच्या दोघींच्या मध्ये ती वही तशीच उघडी होती.

तेवढ्यात पीजीचा एक विद्यार्थी आला. मनाने चांगला मुलगा. "सिस्टर, पानांचे फोटो काढून घेऊ का? माझ्या थिसिससाठी सोनं आहे हे." सिस्टरनी दोन्ही तळहात वहीवर ठेवले. रागाने नाही, पण पक्के.

मग कळलं. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेतून कोणी आले होते. दुपारभर बसून पानापानाचे फोटो काढले, जाताना पेढ्यांचा पुडा दिला. वर्षभराने त्यांच्याच दवाखान्याच्या डॉक्टरांनी मोबाइलवर एका परिषदेतलं पोस्टर दाखवलं. तेच रकाने, तोच क्रम, 'नंतर'सुद्धा. सिस्टरचं नाव वर नाही, खाली आभारातही नाही. "नावाचं जाऊ दे ताई," त्या म्हणाल्या. मॅडमची मी ताई कधी झाले ते मलाही कळलं नाही. "त्या फोटोत पेशंटची नावं होती. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं. कोणी भगताकडे गेलेलं, कोणी दारू प्यालेलं. ते कुणाच्या फोनमध्ये आहे, मला माहीत नाही."

सहकार्य हा शब्द आमच्या क्षेत्रात दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. परदेशी विद्यापीठ सोबत असेल तर आम्ही करार तपासतो, आरोग्य मंत्रालयाच्या एचएमएससी या छाननी समितीची मंजुरी घेतो, नमुने बाहेर जाणार असतील तर त्याचे वेगळे कागद करतो. आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यातली वही मात्र पेढ्यांच्या पुड्यावर उचलली जाते. मला त्या क्षणी फार लाज वाटली. तो माणूस आमच्या संस्थेचा नव्हता, पण व्यवसाय आमचाच.

दुपारच्या सत्राला मी गेले नाही. हजेरीचं काम सहकाऱ्यावर टाकलं आणि कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडमना कँटीनमध्येच बोलावून घेतलं. आम्ही तिघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. पहिली गोष्ट मी सांगितली ती ही, की आज वहीचा एकही फोटो निघणार नाही, आमच्याही फोनमध्ये नाही. ही दवाखान्याची माहिती आहे. वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र लागेल, जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. तुमच्याकडे एथिक्स कमिटी नाही, आमच्याकडे नोंदणी झालेली आहे, तेव्हा अर्ज आमच्या कमिटीपुढे येईल आणि त्यात तुमचं नाव सहसंशोधक म्हणून असेल. जुन्या नोंदींसाठी प्रत्येक पेशंटची नव्याने संमती आणायला आठ वर्षं मागे जावं लागत नाही. नावं काढून, सांकेतिक क्रमांक देऊन माहिती वापरायची असेल तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सोय आहे. क्रमांक आणि नावांची जोडयादी तुमच्या कपाटात, कुलपात. आमच्याकडे येणारच नाही.

"म्हणजे माझी वही माझ्याकडेच राहील?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग पैशाचा विषय. इथे मला मनातलं बोललंच पाहिजे. मोठी रक्कम मागणं सोपं आहे, छोटी मागणं अवघड. आयसीएमआरचे मोठे प्रकल्प आहेत, संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या फेलोशिप आहेत, आणि त्यांचं मोल मी जाणते. त्या पैशावर आमच्याकडे उत्तम कामं झाली. पण तिथे मुख्य संशोधकाची पदवी लागते, प्रकाशनं लागतात, संस्थेची कुवत दाखवावी लागते. सिस्टरना काय हवं होतं? नोंदी संगणकात भरायला दोन महिने एक माणूस, फोनचा रिचार्ज, आसनगाव-नेरुळ येण्याजाण्याचं भाडं, आकडेवारी तपासायला कोणीतरी. एवढ्याशा रकमेसाठी धड योजनेचं नावसुद्धा सापडत नाही.

मॅडमनी वाट काढली. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने छोटा प्रकल्प करतो, अहवाल मान्य झाला की त्याला ५०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. मॅडमच्या हाताखाली एक दुसऱ्या वर्षाची मुलगी होती, मुरबाडकडची. अर्ज तिचा, मार्गदर्शन मॅडमचं, प्रश्न सिस्टरचा. प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च कॉलेजच्या छोट्या निधीतून मागायचा, ते टिपण मी लिहिणार.

शिकण्याचंही बोललो. मी त्यांना सॉर्ट-इटबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेत मुख्यालय असलेल्या टीडीआर या कार्यक्रमातर्फे चालणारं हे प्रशिक्षण २००९ पासून सुरू आहे आणि त्याचा पायाच असा की दवाखान्यात रोज भरल्या जाणाऱ्या रजिस्टरांतून प्रश्न काढायचा, उत्तर शोधायचं, आणि ठरल्या तारखेला लेख लिहून द्यायचा. तारीख चुकली तर पुढे जाता येत नाही. सिस्टर ऐकत होत्या. "इंग्रजीत असणार," एवढंच म्हणाल्या. तेही खरंच. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, आमच्या पीजींना त्यातला एक सक्तीचा आहे, तोही इंग्रजीत. पण त्यातली उदाहरणं, तक्ते बरोबर बसून मराठीत समजावता येतात. ते आम्ही ठरवलं: महिन्यातून एक रविवार, फोनवर, एक तास.

शेवटी नावाचा मुद्दा. तो मी मुद्दाम काढला, कारण सुरुवातीला संकोच केला की शेवटी भांडण होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा कसून सुधारणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि जबाबदारी. नुसती माहिती गोळा केली तर माणूस आभारात जातो. पुष्कळ सिस्टर, आशा, लॅब टेक्निशियन तिथेच अडकतात, कारण मसुदा त्यांच्याकडे कोणी पाठवतच नाही. मी म्हटलं, "मसुदा तुमच्याकडे येईल. तुम्हाला तो वाचून बदलावा लागेल. नुसतं ठीक आहे म्हणून चालायचं नाही."

"मी मराठीत लिहिलं तर चालेल?"

"चालेल. भाषांतर मी करेन."

त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. म्हणाल्या, महाडजवळच्या बिरवाडीच्या दवाखान्यात बावस्कर सरांनी विंचूदंशाच्या पेशंटजवळ रात्र रात्र बसून लिहिलं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाबद्दलचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे महाडपासून इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सिस्टरना त्यातलं आठवत होतं ते मात्र पेशंटजवळ बसणं.

प्रश्न एका ओळीत आणायला आम्हाला साडेचार वाजले. आधी तो अर्धं पान होता. सिस्टर एकेक शब्द खोडत गेल्या आणि शेवटी उरलं: दंश झाल्यापासून एएसव्हीपर्यंतचा वेळ कुठे जातो, आणि दाताची खूण नसलेल्यांचा जास्त जातो का? मॅडम म्हणाल्या, "पीजीला हे लिहायला सहा महिने लागतात." अतिशयोक्ती नव्हती ती.

मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. वह्या पिशवीत, पिशवी छातीशी. माझ्याकडे त्यांनी एकच कागद ठेवला होता, कोऱ्या रकान्यांचा, हाताने आखलेला.

एथिक्स कमिटीला प्रस्ताव पुढच्या बैठकीत गेला. आमच्या समितीत एक निवृत्त शिक्षिका सामान्य सदस्य म्हणून आहेत. त्यांनी विचारलं, सिस्टर घरी फोन करतात तेव्हा, ज्या घरात माणूस गेलाय तिथे काय बोलतात? कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. मी सिस्टरना विचारलं. "आधी मीठ-भाकरीचं विचारते. मग तो कसा आहे ते त्याच सांगतात," असं त्यांनी कळवलं, आणि तसंच्या तसं उत्तरात लिहिलं गेलं. मंजुरी आली. विद्यार्थिनीचा अर्ज आयसीएमआरकडे गेला, निकालाला वेळ होता. कॉलेजच्या निधीचं टिपण दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा सही झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री, त्यांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज, कोणीतरी स्ट्रेचर ओढत होतं.

"ताई, एक रकाना वाढवलाय. कमिटीला कळवावं लागेल का?"

"कोणता?"

"झोपला कुठे होता. खाटेवर की खाली."

लागेल म्हटलं. दुरुस्तीचा अर्ज मी त्याच रात्री टाइप केला.