‘दुखतं’ म्हणजे कसं दुखतं? आखडलेल्या खांद्याचं दीड वर्ष

श्रावणातली गोष्ट. चिपळूणहून गुहागरला येणाऱ्या एसटीत गर्दी होती. शृंगारतळीला आणखी माणसं चढली, म्हणून वरची दांडी धरायला मी डावा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. जोर करून नेला तर दंडातून अशी सणक गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या बाईंनी उठून मला जागा दिली. त्या दिवसापर्यंत घरात मी ‘खांदा जरा धरलाय’ एवढंच म्हणत होते.

जरा नव्हता. दोन महिने डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. वेणी घालताना हात मागे जाईना म्हणून मानच वाकवून केस हाताकडे आणत होते. आतल्या कपड्याचे हूक पुढून लावून मग फिरवून घेत होते. आमचं आगर आहे, पोफळी आणि माडांचं. पडलेल्या झावळ्या ओढायच्या, सुपारी वाळत घालायची, पाऊस आला की धावत जाऊन गोळा करायची, ही सगळी कामं हाताचीच. उसण भरली असेल असं समजून मी तेल चोळत राहिले. मग कोणी तरी हाड बसवणाऱ्या एका गृहस्थांकडे पाठवलं. त्यांनी हात धरून झटका दिला, आणि पुढचे आठ दिवस मी मांडीवर उशी, उशीवर हात अशी बसून काढले. आपल्याकडे खांदा धरला की पहिली वाट तीच असते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. असा खांदा झटक्याने सुटत नाही, उलट जास्त चिडतो.

शेवटी ह्यांनी मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. तो अगदी स्वच्छ. मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं, कारण एक्स-रेत काही नाही म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे असं कोणी तरी म्हणेल ही भीती होती. एक्स-रेत हाड दिसतं, हाडाभोवतीचं मऊ आवरण दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी हात वर, बाजूला, बाहेर फिरवून पाहिला आणि कागदावर लिहिलं: ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस, डावा. अ‍ॅक्टिव्ह व पॅसिव्ह आरओएम कमी. ईआर सर्वांत कमी. मधुमेह.’ खाली औषधं, रक्ताच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी. बाहेर तीस माणसं थांबलेली, डॉक्टरांना बिचाऱ्यांना समजावून सांगायला वेळ नव्हता. परतीच्या गाडीत मी तो कागद चार वेळा वाचला. मधुमेह सोडला तर एकही शब्द माझा नव्हता, आणि खांद्याच्या कागदावर मधुमेहाचं काय काम तेही कळेना.

घरी येऊन मुलाची एक कोरी वही घेतली आणि पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे कागदावरचा शब्द, उजवीकडे आपला. उजवी बाजू भरायला मला दीड वर्ष लागलं.

फिजिओथेरपी चिपळूणला. गुहागरहून पंचेचाळीस किलोमीटर, एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. पहिला महिना आठवड्यातून तीनदा, मग एकदा, नंतर पंधरा दिवसांनी. तिथल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काकू, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?” मला सांगता येईना. आठ म्हणावं तर बाळंतपणाला किती द्यायचे? मी गप्प बसले तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं, आकडा राहू दे. कसं दुखतं ते तुमच्या भाषेत सांगा.”

मग मात्र मला थांबवावं लागलं. रात्री दोनच्या सुमाराला ठणकतं, खोल आत, नाडीबरोबर. दिवसभर नुसती ओढ असते, ओलं कापड पिळून ठेवावं तशी. हात चुकून मागे गेला की चमक निघते आणि लगेच जाते. झटका बसला तर सणक, पार कोपरापर्यंत. मुंग्या येत नाहीत, बोटं बधिर होत नाहीत. हे शेवटचं ऐकून त्यांनी मान हलवली. मुंग्या, बधिरपणा किंवा मानेतून उतरत जाणारी कळ असती, तर मानेच्या मणक्यातली शीर दबलीय का ते आधी पाहावं लागलं असतं. माझे शब्द त्यांनी जसेच्या तसे मराठीत लिहून घेतले. मला किती बरं वाटलं, ते इतक्या दिवसांनीही आठवतं. ठणका, चमक, कळ, सणक, ओढ, रग, उसण, गोळा: आपल्या आज्यांनी दुखण्याची इतकी नावं ठेवली आहेत, आणि दवाखान्यात शिरलो की आपण फक्त ‘दुखतं’ म्हणतो.

मग मोजमाप. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात तसं एक साधन असतं, गोनिओमीटर. हात पुढून वर: ९० अंश, जो पूर्ण १८० जायला हवा. बाजूने वर: ७०. कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला नेणं म्हणजे ईआर, एक्स्टर्नल रोटेशन: जेमतेम १०. दार ढकलताना, साडीचा पदर खांद्यावर टाकताना हीच हालचाल लागते, म्हणून मला त्याच दोन कामांना रडू यायचं. तिथे मला कोडं सुटल्यासारखं झालं.

आरओएम म्हणजे सांधा कुठून कुठपर्यंत फिरतो तो पल्ला. आधी मी स्वतः हात उचलायचा, तो अ‍ॅक्टिव्ह. मग मी हात पूर्ण सैल सोडायचा आणि डॉक्टरांनी उचलायचा, तो पॅसिव्ह. “तुमचा स्नायू फाटला असता,” त्या म्हणाल्या, “तर तुम्हाला उचलता आला नसता, पण मला आला असता. इथे मलाही येत नाही. म्हणजे अडलंय ते स्नायूत नाही, पिशवीत.” पिशवी म्हणजे कॅप्सूल. दंडाच्या हाडाचा गोळा आणि पाठीवरच्या फऱ्याची उथळ वाटी, या दोघांना वेढणारं एक आवरण असतं. हात खाली असताना ते काखेच्या बाजूला सैल लोंबतं, वर नेला की उलगडतं. माझं ते सुजून जाड झालं होतं आणि आक्रसलं होतं.

मी त्यांना म्हटलं, हे तर काखेत तंग शिवलेल्या पोलक्यासारखं झालं. हात वर केला की सगळं पोलकंच वर येतं. त्या हसल्या नाहीत, उठून मला आरशासमोर घेऊन गेल्या. “हात उचला.” खरंच, हात उचलताना माझा फरा आणि अख्खा खांदा कानाकडे चढत होता. निरोगी माणसाचा हात १८० अंश वर जातो त्यात साधारण १२० अंश सांध्याचे आणि ६० फऱ्याचे, म्हणजे दोनास एक. माझा सांधा हलत नव्हता म्हणून फरा त्याचं काम ओढत होता, आणि मानेजवळचा स्नायू दगड झाला होता तो त्यामुळे. पोलक्याचं उदाहरण त्या आता इतर बायकांनाही सांगतात.

मधुमेहाचं कोडंही तिथेच सुटलं. हा आजार बहुतेक चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असेल तर आणखी जास्त. माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ८.९ निघालं. खांदा हे साखरेचंही दुखणं आहे हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर चतुर्थीचे मोदक मी मोजून खाल्ले असते.

कागदावरच्या ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’लाच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. सांगायला, समजवायला आणि बरा करायला हा आजार अवघड आहे असं त्यांनीच लिहून ठेवलंय, हे ऐकून मला धीर आला. तीन टप्पे असतात: आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं उतरतं पण खांदा घट्टच राहतो, आणि मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे खरं सांगितलं. त्या दिवशी वाईट वाटलं, पण पुढे पाचव्या महिन्यात मी सोडून दिलं नाही ते त्या खऱ्या बोलण्यामुळेच.

पहिला व्यायामही कॉडमन यांच्याच नावाचा, लोलकाचा. उजवा हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं, डावा नुसता लोंबू द्यायचा आणि अंग हलवून त्याला झुलवायचं. हाताने हात हलवायचा नाही. मला हे जमायला आठवडा लागला, कारण आयुष्यभर हात सैल सोडायची सवयच नव्हती. आधी वीस मिनिटं गरम पाण्याची पिशवी. मग भिंतीवर बोटं चालवत वर जायचं. पडवीच्या भिंतीवर जिथपर्यंत बोट पोचेल तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. काठीचा व्यायाम मी झेल्याच्या काठीवर केला. आंबे उतरवायला ती वर्षातून दोन महिने लागते, एरवी रिकामीच असते. चौथा व्यायाम कप्पीचा. दुकानात तयार संच मिळतो, पण ह्यांनी विहिरीवरची जुनी लोखंडी कप्पी तेल घालून पडवीच्या वाशाला बांधून दिली. उजव्या हाताने दोर खाली ओढायचा, डावा आपोआप वर जातो. पंप आल्यापासून ती कप्पी बंद होती. तिचा कुरकुर आवाज पुन्हा घरात येऊ लागला तेव्हा सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “पाणी कोण काढतंय गं?”

नियम एकच होता, आणि तोही त्यांनी माझ्याच शब्दांत दिला. ओढ आली तर थांबून तीस मोजायचे. सणक आली तर मागे यायचं. ठणका रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं.

तिसऱ्या महिन्यात रात्रीचा ठणका हटेना तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मधुमेह असेल तर त्याने काही दिवस साखर चढते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. माझी उपाशीपोटीची साखर तीन दिवस अडीचशेच्या वर होती, आठवड्याने उतरली. पण चौथ्या रात्री मी सलग झोपले. न दुखता झोप लागणं काय असतं हे विसरायला झालं होतं.

मग आला तो नुसता घट्ट टप्पा. दुखत नाही, सरकतही नाही. भिंतीवर दिवाळीची रेघ आणि संक्रांतीची रेघ यांत दोन बोटांचं अंतर. खांदा कानाकडे चढवून मी वरची रेघ मारत होते, तेही डॉक्टरांनी आरशात पकडलं. त्या दिवसापासून धाकट्या जावेने माझ्या खांद्यावर तळहात ठेवायचा आणि तो उचलला गेला तर रेघ धरायची नाही, असं ठरलं.

शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा मी तबक दोन्ही हातांनी धरून ओवाळलं. हात पुढून १३० अंश. नंतर सुटत गेला तसे रबरी पट्ट्यांचे ताकदीचे व्यायाम आले, फरे मागे जुळवून धरणं आलं. आज मोजमाप असं आहे: पुढून १६५, बाजूने १५५, बाहेर ६०. एचबीएवनसी ७.१. अंगठा पाठीमागून अजून पाठीच्या मधल्या हुकापर्यंत पोचत नाही, दोन बोटं कमी पडतात. रोज पंचा पाठीमागून धरून ओढते आहे.

परवा जाऊ रेघ धरायला आली आणि कप्पीचा दोर तिने उजव्या हाताने धरलाच नाही. विचारलं तर म्हणाली, “काही नाही हो वहिनी, जरा धरलाय.” तिलाही साखर आहे. मी तिला हात सैल सोडायला सांगितलं आणि हळूच उचलून पाहिला. मलाही उचलता येईना. वहीत नवीन पान काढून विचारलं, कसं दुखतं? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “दिवसा रग लागल्यासारखं. रात्री ठणकतं.” ते तसंच लिहून घेतलंय. उद्या सकाळच्या गाडीने तिला चिपळूणला घेऊन जाते आहे.