दोन मेणबत्त्या

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज आजोबा आले आणि मला दोन मेणबत्त्या देऊन गेले. चारपैकी दोन.

माझे आजोबा नव्हेत, ते २००३ मध्येच गेले. हे स्टारड्यू व्हॅली नावाच्या शेतीच्या गेममधले. गेमची सुरुवातच त्यांच्यापासून होते. अंथरुणाला खिळलेले आजोबा नातवाच्या हातात बंद पाकीट देतात आणि सांगतात, जगण्याचा वीट येईल तेव्हा उघड. पुढे ऑफिसात संगणकांच्या रांगेत बसलेलं ते नातवंड एक दिवस पाकीट उघडतं, तर आत आजोबांच्या शेताचे कागद. गेममधल्या तिसऱ्या वर्षाच्या वसंतातल्या पहिल्याच दिवशी आजोबांचं भूत येतं आणि दोन वर्षांत काय केलंस ते बघून समाधीवर मेणबत्त्या पेटवतं. मार्चअखेर नुकता उरकलेल्या ऑडिटवाल्या बाईने असला गेम खेळू नये खरं तर. पण गेला दीड महिना रोज रात्री तासभर खेळतेय.

पाच लाखांवर कमाई झालीय माझी तिथे. कोणतं पीक किती दिवसांत येतं, कशाला काय भाव मिळतो, याची एक्सेल फाइल केलीय. (ऑफिसच्या लॅपटॉपवर. असो.) तरी दोनच?

म्हणून भाच्याला फोन केला. हा गेम त्यानेच माझ्या गळ्यात मारलाय. वय वर्षं तेरा. त्याच्या शेतात कमरेएवढं तण, दोन कोंबड्या, आणि दिवसभर हा नदीवर गळ टाकून बसलेला. तो म्हणाला, "आत्या, पैशांचे मार्क मिळालेत तुला. पण तुझ्या गावात तुला कोणी ओळखतच नाही."

हे मात्र लागलं.

खरंच आहे ते. गावातल्या माणसांशी बोललं, आठवड्यातून दोनदा काही भेट दिली की त्यांच्या नावापुढची बदामं भरत जातात. माझ्याकडे दुकानदार सोडला तर सगळ्यांची रिकामी. तोसुद्धा बुधवारी दुकान बंद ठेवतो म्हणून माझ्या शिव्या खातो. पहिल्या वसंतात तेरा तारखेला गावात अंड्यांचा उत्सव असतो. लपवलेली अंडी शोधायला अख्खा गाव जमतो. मी गेले, स्ट्रॉबेरीचं बी तिथेच मिळतं म्हणून पैसे मोजून ते घेतलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत फिरले. उत्सवातून घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. त्याच रात्री पेरलं तर त्या मोसमात दोन तोडे मिळतात, असा हिशेब होता. अंधारात पेरत, झारीने पाणी घालत राहिले आणि दोन वाजता वाफ्यातच कोसळले. गेममध्ये रात्री दोनला माणूस असेल तिथे आडवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी ताकद पुरती भरून येत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. स्ट्रॉबेरी लागली होती ना!

फोन ठेवल्यावर १९९८ ची उन्हाळ्याची सुट्टी आठवली. टीव्हीला जोडायचा तो कॅसेटवाला गेम, त्यात काँट्रा. मी आणि धाकटा भाऊ, म्हणजे याच भाच्याचा बाप. धबधब्याच्या लेव्हलला दोघांनी बरोबरीने वर चढावं लागतं. एक जण भराभर वर गेला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. भाऊ ओरडायचा, "ताई, थांब की गं!" मी थांबायची नाही. त्याचे सगळे जीव संपायचे आणि वर मीच त्याला म्हणायची, तू हळू खेळतोस.

हात तेच आहेत म्हणायचे. सव्वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, बटणं बदलली.

आमचं खरं शेत करमाळा तालुक्यात होतं. अकरा एकर, सगळी कोरडवाहू. रब्बीची ज्वारी, पेरल्यापासून चार महिने वाट बघायला लावणारी. (गेममध्ये पार्सनिप नावाचं पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी असतं, ते चार दिवसांत तयार होतं. करमाळ्यात हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.) २००९ मध्ये बाबांनी आणि काकांनी ते विकलं. त्यामुळे गेममधलं पाकीट पहिल्यांदा उघडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे भाच्याला सांगितलेलं नाही.

मी स्वतःला बजावत आले की आपण खपतोय ते आजोबांचं रक्त. आज शांतपणे आठवून बघितलं, तर आजोबा शेतात दिसेचनात. दिसतात ते वडाच्या पारावर. कुणाच्या सोयरिकीची बोलणी, कुणाच्या बांधाचं भांडण, आणि पान. आजी घरातून ओरडायची, "रान बोंबलतंय आन् ह्ये बसल्यात पारावर." ज्वारीची रास झाली की पोती मोजायची आजीच. मोजलेल्या पोत्यांच्या रेघा कोळशाने भिंतीवर. पाच पाचचे गठ्ठे, पाचवी रेघ आडवी. ती माझी पहिली एक्सेल शीट.

म्हणजे मी आजीवर गेलेय. आणि आजोबा वारले तेव्हा अख्खा तालुका लोटला होता. आजीच्या वेळी घरचेच होतो.

एरिक बरोन नावाच्या माणसाने हा गेम चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून केला. चित्रं, संगीत, संवाद सगळं त्याचंच. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बाहेर आला. एकट्याने घरात बसून केलेला गेम मला सांगतो की बाई, जरा लोकांत मिसळ! गंमत आहे. थोडा रागही आला. पत्र आजोबांचं, समाधी आजोबांची, मेणबत्त्याही आजोबाच देणार. मग त्या शेताच्या पोत्यांच्या रेघा कुणी ओढल्या असतील?

भाच्याने जाता जाता एक सांगितलं होतं. समाधीवर हिरा ठेवला की आजोबा परत येऊन नव्याने मार्क देतात. खाणीत सापडलेला एक हिरा माझ्या पेटीत कधीचा पडून होता. तो घेऊन निघाले. आज झारीला हात लावला नाही, स्ट्रॉबेरी तशीच कोरडी.

समाधीकडे न जाता गावात गेले. चौकाजवळ एव्हलिन नावाची म्हातारी गावच्या फुलझाडांची निगा राखते. तिचा नवरा चाकाच्या खुर्चीत घरी बसून कुरकुरत असतो. ती भेटेल त्याला म्हणते, मला आजी म्हण. दोन वर्षांत मी तिच्याशी एकदाच बोलले होते, तेही वाटेत आडवी आली म्हणून.

हिरा तिला दिला. तिला हिरे फार आवडतात, हे मला माहीत नव्हतं.