वेजात डोळा, पाचवी भट्टी: पाठ पुन्हा टकली

प्राचीन इजिप्तमध्ये ताईत म्हणून घालत तो होरस देवाचा डोळा, वेजात, त्यांच्याच फेयान्समध्ये (क्वार्ट्झची पेस्ट, भाजली की तिची तिलाच झिलई चढते) करायचा प्रयत्न चालू आहे. पुढची बाजू शेवटी जमली. रंग हवा तसा निळा-हिरवा, बुबुळाच्या खाचेत झिलई जाड नि गडद, भुवईची रेघ बुजलेली नाही. उलटा केला तर पाठ राखाडी, खरखरीत. वेजात म्हणजे 'धडधाकट'. अर्धा टकला डोळा ताईत म्हणून कसा चालायचा?

मिश्रण चौथ्या भट्टीचंच. कोरडं १०० ग्रॅम: क्वार्ट्झ पूड (२०० मेश) ८५, धुण्याचा सोडा ५, खायचा सोडा ४, चुनखडीची पूड ४, कॉपर ऑक्साइड २. वरून बाभळीचा डिंक १ ग्रॅम (नाइलकाठची बाभूळही हीच) आणि पाणी १८ मिली. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्यात ६३ टक्के पाणीच असतं. ५ ऐवजी साडेतेरा ग्रॅम घ्या आणि वरचं पाणी साडेआठ मिलीने कमी करा. क्वार्ट्झऐवजी रांगोळी नको. बरीचशी डोलोमाइट किंवा संगमरवराची असते. आणि मिसळताना एन-९५ मास्क हवाच.

खरं दुखणं लोण्याचं (भिंतीच्या, ताकाच्या नव्हे). वाफ जिथून निघते तिथेच सोडा पांढरा लोणा होऊन वर येतो आणि भट्टीत क्वार्ट्झशी वितळून त्याचीच काच, म्हणजे झिलई, होते. प्लास्टरच्या फळीवर ठेवलं तर फळी पाणी ओढते, सोबत सोडाही. तिसऱ्या भट्टीला काचेवर ठेवलं, तर खालून वाफच निघाली नाही. जाळीवर तारेच्या चौकटींचे टकले ठसे उठले. शिवाय लोणा बोट लागताच पुसला जातो. चौथ्या भट्टीतल्या भुवईवरचा डाग त्यातलाच.

उरतं टांगणं. भोकातून नायक्रोमची तार, वाळवताना नि भाजताना तीच. पण ही पेस्ट दाबली की भेगाळते, चाळवली की पातळ होते. ओली टांगली तर भोक फाटतं. म्हणून ६ मिमी जाडीचा तुकडा आधी प्लास्टिकखाली झाकून घट्ट होऊ द्यायचा आणि पांढरी साय धरण्याआधी तारेवर चढवायचा. भाजणी तीच: तासाला १०० अंश, ९०० ला अर्धा तास.

तांब्यासाठी तांबट आळीतली, तापलेल्या तांब्यावरून सुटणारी काळी पापुद्री वापरून पाहिली. फुकट मिळते, पण नीट वाटली नाही तर काळे ठिपके उठतात. प्राचीन इजिप्तच्या न्यू किंगडम काळातल्या बऱ्याच फेयान्समध्ये तांब्यासोबत कथील सापडतं, म्हणजे काशाचं भंगार तेव्हाही कामी येत असावं. पुढे काशाचा कीसही घालून बघू.

खरं तर हे लिहिताना टांगण्याचा बेत अर्धा बदललाय. इराणात कोम शहरात गाढवांच्या गळ्यातले निळे मणी चुना, राख, सिलिका, कोळसा आणि तांब्याच्या पुडीत पुरून भाजत. पूड नंतर कुस्करून निघते आणि झिलई चहूबाजूंनी बसते. सोडा राखेतून, बाहेरूनच येतो, त्यामुळे टेकण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढच्या खेपेला एक डोळा तारेवर, दुसरा सोडा नि तांबं न घातलेल्या पेस्टचा, मातीच्या झाकणवाल्या कुल्हडात पुरलेला. पुरलेल्यासाठी १००० अंश लागतील, म्हणजे भट्ट्या दोन. तारेवरचा आधी.