नूनची मोहीम आखताना

लडाखमधलं नून हे शिखर ७१३५ मीटर उंच आहे आणि त्याच्या शेजारचं कुन ७०७७ मीटर. १९५३ साली नूनवर पहिली यशस्वी चढाई झाली, तेव्हा माथ्यावर पोचलेल्या दोघांपैकी एक होती क्लोद कोगां ही फ्रेंच गिर्यारोहक. हे वाचल्यापासून नून माझ्या डोक्यात बसलं होतं. गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झाले होते, सहा हजारी शिखरंही झाली होती, पण सात हजारांवर स्वतःच्या जबाबदारीवर मोहीम न्यावी एवढा अनुभव गाठीशी नव्हता. म्हणून गाइडसह जायचं ठरवलं. प्रत्यक्ष चढाईबद्दल वाचायला भरपूर मिळतं. त्याआधीच्या तयारीबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं, आणि मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटली.

मोहीम नेणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी एकच प्रश्न आधी विचारला: समिटच्या, म्हणजे माथ्यावर जायच्या दिवशी परत कधी फिरायचं, हे कोण आणि कशावरून ठरवतं? एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मॅडम, समिट होऊनच जाईल, काळजी करू नका." तिथे पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुख्य गाइडनेच फोन घेतला आणि उलट मलाच प्रश्न विचारले. शेवटच्या शिखरावर वरच्या कॅम्पला जेवण जात होतं का? झोप लागत होती का? उतरताना पाय लटपटत होते का? मग म्हणाले, "माथा समोर दिसत असला तरी ठरलेल्या वेळेला मागे फिरायचं. हे मान्य असेल तरच या." मी त्याच क्षणी होकार दिला. पुढे मी त्यांना कोर्सच्या सवयीने उस्तादजीच म्हणत राहिले.

मग मी गाइडच्या संख्येवर अडून बसले. एकच गाइड आणि सहा जणांची टीम असेल, तर एकाची तब्येत बिघडली की सगळ्यांनाच खाली यावं लागतं. नाहीतर तो आजारी माणूस एकटा उतरतो, आणि ते तर त्याहून वाईट. वरच्या कॅम्पवर किमान दोन गाइड हवेत, हे मी लेखी मागून घेतलं. खर्च वाढला, पण पैसे वाचवायची ही जागा नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

वेळापत्रकावर सगळ्यात जास्त डोकं लावलं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि सात हजारांवर त्याहूनही कमी. शरीराला याची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम. म्हणून विमानाने थेट साडेतीन हजारांवरच्या लेहला उतरण्याऐवजी आम्ही श्रीनगरहून रस्त्याने गेलो. झोजिला खिंड ओलांडताना उंची साडेतीन हजारांपर्यंत जाते, पण झोपायला कारगिल, म्हणजे पुन्हा खाली. तिथून सुरू खोऱ्यातलं तांगोल गाव आणि पुढे पायी बेस कॅम्प. वर गेल्यावरही आधी सामान पोचवायला लोड फेरी, मग खाली येऊन झोप, आणि त्यानंतरच वरच्या कॅम्पवर मुक्काम. वेळापत्रकाच्या शेवटी हवामानासाठी राखीव दिवस ठेवले होते. सुट्टी कमी पडते म्हणून बरेच जण आधी याच दिवसांवर काट मारतात. मी साहेबांकडे सुट्टीचा अर्ज करतानाच ते धरून मागितले.

कागदपत्रांचं बहुतेक काम संस्थेने केलं. शिखराची परवानगी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडून घ्यावी लागते. आम्ही सदस्यांची माहिती, कोर्सची प्रमाणपत्रं आणि वैद्यकीय दाखला वेळेत पाठवला. विम्याची पॉलिसी मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावी. काही पॉलिसी ठरावीक उंचीपर्यंतच लागू असतात, तर काहींत दोर आणि आइस ॲक्स वापरून केलेली चढाई वगळलेली असते. ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

संपर्काचा प्रश्न अवघड होता. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही, आणि परदेशातून आणलेला तर अजिबात सोबत नेऊ नये. त्यामुळे कॅम्प ते बेस कॅम्प वॉकीटॉकी आणि बेस कॅम्पहून गावात निरोप नेणारा माणूस, अशी साखळी ठरवली. इथे बोलावलं की खासगी हेलिकॉप्टर आलं असं होत नाही. मदत बहुतेक वेळा लष्कराची किंवा हवाई दलाची असते, आणि तीही हवामान चांगलं असेल तेव्हा. म्हणजे आजारी माणसाला आधी आपणच खाली आणायचं, हे धरून तयारी केली. बेस कॅम्पला ऑक्सिजन सिलिंडर आणि गॅमो बॅग, म्हणजे आजारी माणसाला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची पिशवी. उंचीच्या त्रासावरच्या औषधांत डायमॉक्स, डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन. कोणतं कधी द्यायचं हे डॉक्टरांकडून टीममधल्या सगळ्यांनी समजून घेतलं, कारण ज्याला माहीत आहे तोच आजारी पडू शकतो.

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते रस्त्यानेच पाठवले. नुसता ब्युटेन थंडीत नीट पेटत नाही, म्हणून प्रोपेन मिसळलेला घेतला. वर पाण्याचा प्रत्येक थेंब बर्फ वितळवून मिळतो, त्यामुळे गॅस संपला की पाणीही संपतं. सामानाची यादी सगळीकडे मिळते. मी एवढंच सांगेन की डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे) एकमेकांवर बसवून, घालून, चालून बघितल्याशिवाय बॅगेत टाकू नका.

प्रत्यक्ष चढाईत पहिल्या कॅम्पच्या वर बर्फ पडायला लागला आणि आम्ही बेस कॅम्पला परत आलो. राखीव दिवस तिथे तंबूत गेले. कुणी कुरकुर केली नाही, कारण ते दिवस त्यासाठीच होते. आकाश मोकळं झाल्यावर पुन्हा वर गेलो. समिटच्या पहाटे पश्चिम धारेवर एका साथीदाराच्या बोटांची संवेदना गेली आणि बोलणंही अडखळायला लागलं. उस्तादजींनी दोन मिनिटंही घालवली नाहीत. दुसऱ्या गाइडने त्याला दोराला बांधून घेतलं आणि दोघं उतरायला लागले. आम्ही उरलेले ठरलेल्या वेळेच्या आत माथ्यावर पोचलो आणि संध्याकाळी समिट कॅम्पवर परत आलो, तोवर ते दोघं आणखी एक कॅम्प खाली उतरले होते. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. बोलणं स्पष्ट होतं, बोटांना मुंग्या येत होत्या, आणि सूप पिऊन झालं होतं.